उपपदाविना नाम



इंग्रजी शिकताना 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' या तीन उपपदांपायी आपल्यापैकी पुष्कळांनी बोलणी खाल्ली असतील. उपपद गाळले की ती चूकच, अशी धास्ती मनात बसते आणि चांगली जाणती माणसे चार लोकांत इंग्रजी बोलावयाचे टाळतात. परंतु खुद्द इंग्रजही उपपद गाळतोच. तो ते केव्हा गाळतो, एवढेच आज पाहू.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. त्या गाडीविषयी इंग्रज 'द ट्रेन' म्हणेल; पण आपण आगगाडीने प्रवास करतो, हे सांगताना नुसते 'बाय ट्रेन' म्हणेल. तेथे अमुक गाडी मनात नसते, प्रवासाची रीत असते. मूल शिकावयास जाते ते 'टु स्कूल'. त्याचा डबा पोचवावयास आई जाते ती 'टु द स्कूल'. पहिली शाळा म्हणजे शिक्षण, दुसरी म्हणजे इमारत.

मराठीत अशी उपपदे नाहीत, पण हा विवेक आहे. 'मी डॉक्टर शोधतो आहे' म्हणजे कोणीही चालेल. 'मी डॉक्टरांना शोधतो आहे' म्हणजे ते ठरलेलेच हवेत. 'मुलगी पाहिली' आणि 'मुलीला पाहिले' यांतील अंतर तर लग्नघरात कोणास समजावून द्यावयास नको! आपली अडचण होते ती एवढीच, की 'मी शिक्षक आहे' या वाक्यात मराठीला काही लागत नाही आणि इंग्रजीला मात्र 'अ' लागतो. मोजता येणारे एकवचनी नाम तेथे सहसा उघडे राहत नाही.

ही बाब क्षुल्लक समजू नये. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरक्षा समितीने २४२ क्रमांकाचा ठराव केला. इस्राएलने व्याप्त प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावे, असे त्यात आहे. पण इंग्रजी मसुद्यात 'प्रदेश' या शब्दामागे 'द' नाही. मग सर्व प्रदेश की काही? फ्रेंच मसुद्यातून 'ते प्रदेश' असा अर्थ निघू शकतो. एका गाळलेल्या उपपदावरून राष्ट्रे आजवर भांडत आहेत.

तेव्हा उपपदाचे भय नको आणि हेळसांडही नको. नाम उच्चारण्यापूर्वी स्वतःस विचारावे : मला वस्तू सांगावयाची आहे, की तिचे कार्य? ज्याचा विचार स्पष्ट, त्याचे निम्मे व्याकरण तेथेच सुधारते.