सहलीची हजेरी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालक-मेळाव्यात, शाळेतील शिक्षकांच्या वतीने केलेले भाषण)





मंडळाने आम्हाला ‘शाळेतील उपक्रम आणि सहली’ हा विषय दिला. दर वर्षी या विषयावर आम्ही वर्षभराची जंत्री वाचून दाखवतो आणि तुम्ही आरतीची वेळ होईपर्यंत ती सहन करता. यंदा जंत्री वाचणार नाही. ती शाळेच्या अहवालात छापली आहे, आणि अहवाल कोण वाचतं हे आम्हालाही ठाऊक आहे.

यंदा जूनच्या पालकसभेत एक आई उभी राहिली. म्हणाली, “बाई, वर्गात काय हवं ते शिकवा. पण माझ्या मुलाला शाळेच्या फाटकाबाहेर नेऊ नका.” सभेत कोणी काही बोललं नाही. आम्हीही बोललो नाही, कारण ती कशाबद्दल बोलतेय हे बडोद्यात कोणाला सांगावं लागत नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीची नाव उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या दिवसापासून या शहरात ‘सहल’ हा शब्द पूर्वीसारखा उच्चारता येत नाही. त्या आईला आम्ही सभेत उत्तर दिलं नाही. आज देतो. ती इथे आली आहे, आम्ही पाहिलं.

उत्तराआधी आमची एक जुनी चूक सांगायला हवी. ती आजवर शिक्षकांच्या खोलीबाहेर गेली नव्हती.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीची सहल पावागढला गेली होती. एक बस, ५४ मुलं, आम्ही तिघं. रोपवे झाला, चांपानेरची मशीद पाहून झाली, पुन्हा माचीला चहापाणी झालं. संध्याकाळी बसमध्ये डोकी मोजली. ५४. पुन्हा मोजली. ५४. निघालो. हालोल गेल्यावर चिवडा वाटताना एका बाईंच्या लक्षात आलं, की खिडकीशी बसलेला मुलगा आपला नाहीच. पांढरा सदरा, निळी चड्डी, गणवेश सारखाच. दुसऱ्या कुठल्या तरी शाळेचा, गर्दीत आमच्या बसमध्ये चढलेला आणि खिडकी मिळाली म्हणून खूश. आकडा बरोबर होता, मूल चुकीचं होतं. म्हणजे आमचं एक मूल वर राहिलं होतं.

तेव्हा मोबाइल नव्हते. बस वळवली. त्या परतीच्या अर्ध्या तासाबद्दल आम्ही काही सांगणार नाही. आमचा मुलगा माचीला एका मकाईवाल्या बाईंच्या पाटीशेजारी बसला होता, हातात भाजलेलं कणीस. बाईंनी त्याला जागचं हलू दिलं नव्हतं. तो रडलाही नव्हता. आम्हाला बघून एवढंच म्हणाला, “सर, मोजलं नव्हतं का?” आम्ही म्हणालो, “मोजलं होतं रे.”

त्या दिवसापासून आपल्या शाळेत डोकी मोजत नाहीत. नाव घ्यायचं, तोंड बघायचं, मुलाने हात वर करून ‘हजर’ म्हणायचं. बसमध्ये चढताना, उतरल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर, निघताना. मुलं कंटाळतात. नववी-दहावीची तर चेष्टा करतात. करू देत. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि रांगेच्या सगळ्यात शेवटी चालणारा शिक्षक दिवसभर शेवटीच चालतो, त्याने पुढे यायचंच नाही. हरणीनंतर आणखी एक नियम आला: नावेत बसायचं नाही. नाव कितीही मोठी असो आणि नाववाला कितीही ओळखीचा. त्या दिवशीच्या नावेत क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली होती आणि पुष्कळांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, हे आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. तिथे उभ्या असलेल्या एखाद्या शिक्षकाने “थांबा” म्हणायचं, एवढंच कधी कधी हातात असतं. आमच्यातल्या प्रत्येकाला तो “थांबा” म्हणता यावा, गाडीवाल्याला, व्यवस्थापकाला, प्रसंगी मुख्याध्यापकांनाही, हे आम्ही आपसात ठरवून घेतलं आहे.

मग इतकं भय असताना फाटकाबाहेर न्यायचंच कशाला? वर्गात फळा आहे, पडदा आहे, पडद्यावर जग दिसतं.

पहिली-दुसरीपासून सांगतो. ही मुलं आम्ही खंडेराव मार्केटला नेतो. चालत, दोरीला धरून. प्रत्येकाकडे दहा रुपये. दहा रुपयांत जे येईल ते आणायचं आणि भाजीवाल्या मावशींना त्याचं नाव विचारायचं. परत आल्यावर फळ्यावर दोन रकाने: घरी काय म्हणतात, बाजारात काय म्हणतात. कांदा आणि डुंगळी. वांगं आणि रिंगण. बटाटा आणि बटाका. काकडी दोन्हीकडे काकडीच, याचा मुलांना फार आनंद होतो. गेल्या वर्षी एक मुलगा म्हणाला, “आमच्या घरी दोन्ही म्हणतात, आई ओरडताना कांदा म्हणते आणि आणायला सांगताना डुंगळी.” बडोद्याच्या मराठी घराचं याहून नेमकं वर्णन आम्हाला आजवर जमलेलं नाही. पाव किलो वांग्यांचे पैसे चुकते करताना जी वजाबाकी होते, ती पाटीवर महिनाभर होत नाही, हा आणखी एक फायदा.

तिसरी-चौथीची सहल कमाटीबागेत, म्हणजे तुमच्या-आमच्या सगळ्यांची तीच. पण आता आम्ही म्युझियममध्ये सगळं बघत नाही. एकच वस्तू बघायची. यंदा देवमासा. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा तो सांगाडा सुमारे २२ मीटर लांब आहे. परत आल्यावर शाळेच्या मैदानात खडूने २२ मीटरची रेघ मारली आणि चौथीची मुलं डोक्याला पाय लावून झोपवली. सतरा मुलं लागली. सतरावा अर्धा बाहेर आला. घरी गेल्यावर मुलांनी तुम्हाला ‘माझं नाव देवमाशाची शेपटी’ असं सांगितलं असेल, तर त्याचा खुलासा हा.

फतेहसिंह म्युझियमच्या इमारतीत एके काळी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती आणि तिथे जायला त्यांना स्वतःची इवलीशी रेल्वे होती, हे ऐकल्यावर पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, “मग त्यांची सहल कुठे जायची?” उत्तर आम्हाला देता आलं नाही.

आता एक उपक्रम सांगतो ज्यासाठी कुठेही जावं लागलं नाही. सहलच आमच्या दारात आली होती.

२०२४ साली ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. तुमच्यातल्या अनेकांच्या घरात कमरेपर्यंत, कुठे छातीपर्यंत पाणी होतं. गणपती आठवड्यावर आले होते आणि लोक घरातला चिखल काढत होते. शाळा उघडली तेव्हा मुलं काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. सहावी ते आठवीच्या वर्गांना आम्ही एकच काम दिलं: भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली आहे, ती पुसली जायच्या आत मोजपट्टीने मोजून आणा. उंबऱ्यापासून किती सेंटिमीटर. ज्यांच्या घरी पाणी आलं नाही त्यांनी शेजाऱ्यांकडे जाऊन मोजायची, आणि मोजता मोजता चार भांडी धुवून द्यायची. ही अट गणिताच्या बाईंची.

वर्गाच्या भिंतीवर कागदाच्या निळ्या पट्ट्या चिकटवल्या, जितकं पाणी तितकी उंच. प्रत्येक पट्टीखाली गल्लीचं नाव. आधी नुसता गोंधळ दिसत होता. मग मुलांनी पट्ट्या नदीपासूनच्या अंतराने लावल्या, तरी जमेना. नदीजवळच्या काही घरांत कमी पाणी आणि लांबच्या काहींत जास्त. शेवटी आठवीतल्या एकाने नाल्यांचा नकाशा काढला आणि पट्ट्या नाल्यांच्या कडेने लावल्या. तेव्हा भिंत बोलायला लागली. पाणी नदीकडून जितकं आलं, तितकंच बुजलेल्या नाल्यांतून उलटं आलं होतं, असं निदान आमच्या मुलांच्या मोजमापातून तरी दिसत होतं. शास्त्रीय अभ्यास म्हणून आम्ही हे मिरवत नाही. पण त्या भिंतीसमोर उभे राहिलेले पालक आम्ही पाहिले आहेत.

सातवीतल्या एका मुलीची पट्टी तिच्यापेक्षा उंच होती. तिने ती स्वतः स्टुलावर चढून चिकटवली. पुरानंतर ती वर्गात एक शब्द बोललेली नव्हती. पट्टी लावून खाली उतरली आणि म्हणाली, “आमच्याकडे सगळ्यात जास्त.” थोडा अभिमानच होता आवाजात. मग बोलायला लागली ती थांबेचना.

म्हणून यंदा सहावीची सहल आजव्याला काढली. १८९०च्या सुमारास सयाजीरावांनी बांधलेला तो तलाव, उंचावर असल्यामुळे तिथलं पाणी उताराने आपोआप शहराकडे येतं. आधी वर्गात दोन बाटल्या आणि रबरी नळी घेऊन करून पाहिलं, गणवेश भिजवले, मग तिथे गेलो. पाण्याच्या काठापासून लांब बसून डबे खाल्ले. घरात शिरणारं पाणी बघितलेल्या मुलांनी नळाला येणारं पाणीही बघावं, एवढाच हेतू.

मोठ्या वर्गांबद्दल थोडं. नववीला तांबेकरांचा वाडा आहे, रावपुऱ्यात, आपल्या पायाखाली. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा. भिंतीभर चित्रं: कृष्णलीला, मराठे-इंग्रजांच्या लढाया. इथल्या किती जणांनी तो आतून पाहिला आहे? हात वर करू नका, आम्हाला वाईट वाटेल.

पण दर वर्षी ज्या ठिकाणी वर्ग खरा गप्प होतो, ते कमाटीबागेतलं संकल्पभूमीचं झाड. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले. शिक्षण संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर झालेलं. शहरात त्यांना कोणी घर दिलं नाही. पारशी सराईत नाव बदलून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते या बागेत बसून राहिले. हे सांगितल्यावर आम्ही मुलांना उपक्रम दिला: आपल्या सोसायटीत आज घर कोणाला देत नाहीत, ते घरी विचारून एका पानावर लिहा. पानं आली. ती आम्ही इथे वाचत नाही. दोन पालक शाळेत आले, “मुलांच्या डोक्यात हे कशाला घालता?” म्हणून. आम्ही त्यांना चहा दिला आणि उपक्रम पुढच्या वर्षीही ठेवला.

आता पैशाचं. ज्या संस्थानात १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ पासून राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, त्या संस्थानच्या राजधानीत आजही दर सहलीच्या दिवशी तीन-चार मुलांना नेमका ताप येतो. आम्हाला तो ताप ओळखता येतो. आधी आम्ही गप्पच बसायचो. मुलाला कमीपणा नको म्हणून, असं स्वतःला सांगत. खरं म्हणजे आम्हालाच विचारायचा संकोच होता. दोन वर्षांपासून वर्गवार वर्गणी बंद केली आहे. बससाठी एक डबा शिक्षकांच्या खोलीत असतो, ज्याला जमेल त्याने टाकावं, नाव लिहायचं नाही. आणि निम्म्या सहली पायी केल्या. कमाटीबाग, मार्केट, कीर्तिमंदिर, वाडा. आपल्या पूर्वजांनी सगळं चालण्याच्या अंतरात ठेवलं, याबद्दल त्यांचे आभार.

तर त्या आईला आमचं उत्तर असं: तुमची भीती खरी आहे, आणि तुम्ही मुलाला पाठवलं नाहीत तर आम्ही त्याच्यावर रागावणार नाही. त्या दिवशी त्याच्यासाठी वर्ग उघडा असेल, एक शिक्षक असेल. पण आमची विनंती आहे की या वेळी तुम्हीच चला. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं म्हणालो, तेवढी माणसं आमच्याकडे नाहीत. आजी-आजोबाही चालतील. ज्यांना मोडी वाचता येतं ते तर हवेच आहेत, कारण आठवीच्या मुलांनी घरोघरचे जुने कागद गोळा केले आहेत आणि ते उलटे धरलेत की सुलटे, इथपासून आमची अडचण आहे.

पुढची सहल अनंत चतुर्दशीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, चौथीची, कमाटीबागेत. सकाळी साडेसातला फाटकाशी जमायचं. पायात बूट, चपला नकोत. सोबत येणाऱ्या मोठ्यांची यादी प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे, पेन दोरीला बांधलेलं आहे. नाव पूर्ण लिहा. सकाळी आम्ही तुमचीही हजेरी घेणार आहोत, आणि तुम्हालाही हात वर करून ‘हजर’ म्हणावं लागेल.