सैनिकांची मुले आणि आपली शाळा
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आपला सातारा जिल्हा सैनिकांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यास निघाली, याचाही आपणांस अभिमान आहे. परंतु हा अभिमान आपल्या शाळेच्या दारात किती उतरतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

कुटुंब नेता येत नाही अशा सरहद्दीवरील ठाण्यावर जवानाची नेमणूक झाली, की त्याची पत्नी मुलांना घेऊन गावी येते. ही बदली जून महिन्याची वाट पाहत नाही. सामान मागाहून यावयाचे असते, कागदपत्रे पेटीत असतात, आणि मूल मात्र आपल्यापुढे उभे असते.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. १९९९ च्या जुलैच्या आरंभी, कारगिलची लढाई चालू असता, एक माउली आठ वर्षांच्या मुलाला घेऊन मी शिकवीत होतो त्या शाळेत आली. मुलाचे वडील सरहद्दीवर होते. “आधीच्या शाळेचा दाखला आणा, मग नाव घालू,” असे सांगून मी तिला परत पाठविले. टपालाने मागविलेला दाखला दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर आला. तोवर तो मुलगा कुंपणापाशी उभा राहून आमच्या वर्गाचे पाढे ऐकत असे. माझे दप्तर बिनचूक राहिले. मुलाचे साडेतीन महिने गेले. पुढे वर्गात बसल्यावरही तो कितीतरी दिवस तोंड उघडीत नव्हता.

आज तशी चूक करावयास कायद्यानेच जागा ठेवलेली नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला येण्यास विलंब झाला, या कारणाने प्रवेश लांबविता वा नाकारता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाच्या पुराव्याअभावी, आणि कलम १५ प्रमाणे सत्र सुरू होऊन गेले म्हणून, मुलास परत पाठविता येत नाही. ‘पालक’ या शब्दात आईही आहे. वडिलांच्या सहीसाठी अडून बसू नये. यू-डायस प्लस प्रणालीत जुन्या शाळेतून नाव वर्ग होण्यास वेळ लागला, तर त्याचा पाठपुरावा मुख्याध्यापकांनी करावा; मूल त्याच दिवशी वर्गात बसावे.

नाव दाखल झाले म्हणजे आपले काम संपले, असे नव्हे. यातील पुष्कळ मुले हिंदी वा इंग्रजी माध्यमातून आलेली असतात. घरी आईशी ती मराठी बोलतात, पण लिहू शकत नाहीत. अशा मुलास खालच्या इयत्तेत बसविण्याचा मोह होतो. कलम ४ मधील तत्त्व मात्र असे, की मुलास वयानुरूप वर्गात बसवावे आणि राहिलेली उणीव विशेष प्रशिक्षणाने भरून काढावी. मुलाला गणित येत नाही, की गणिताचे मराठी शब्द येत नाहीत, हे आधी तपासावे. ‘उनतीस’ म्हणणाऱ्या मुलास ‘एकोणतीस’ ठाऊक नसेल. संख्या त्याला ठाऊक असते.

लिपी एक असली तरी शब्द फसवितात. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. “मी इथे शिक्षा घ्यायला आलो,” असे एखादा मुलगा म्हणाला, की वर्ग हसतो, आणि तो मुलगा गप्प होतो. चतुर शिक्षकाने त्याच क्षणी दोन्ही अर्थ फळ्यावर लिहून त्या हसण्याचा पाठ करावा. ‘ळ’चा उच्चार, ‘च’ आणि ‘ज’ यांचे दुहेरी उच्चार यांसाठी रोज दहा मिनिटे आणि एक बोलका सोबती द्यावा.

आणखी एक नाजूक गोष्ट. “तुझे वडील कधी येणार?” असे भर वर्गात विचारू नये. सरहद्दीवरील बातम्यांची चर्चा त्या मुलाकडे पाहून करू नये. मात्र त्याने पाहिलेली गावे, नद्या, बर्फ यांविषयी नकाशापुढे उभे राहून त्याला बोलू द्यावे. वडील रजेवर आले असता दोन दिवस गैरहजेरी पडली, तर रागावू नये. बुडालेला अभ्यास मागाहून करून घ्यावा.

हे कुटुंब पुन्हा जावयास निघेल, तेव्हा दाखला तत्काळ द्यावा. त्यात विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो, हेही कलम ५ मध्येच आहे. दाखल्यासोबत कोणते पाठ झाले, कोठे अडते, कशात रमते, एवढे अर्ध्या पानात लिहून द्यावे. पुढच्या शिक्षकास ते पान फार मोलाचे वाटेल.

उद्या शाळेत गेल्यावर एवढेच करा: आपल्या गावी असे एखादे कुटुंब नुकतेच आले आहे काय, याची चौकशी करा आणि ते शाळेत येण्याची वाट न पाहता आपणच त्यांच्या घरी जा. त्या कुंपणापाशी उभ्या मुलाकडे मी गेलो नाही. आपण जावे, एवढीच विनंती.

जय हिंद.