लियाकत बागेचा धडा



रावळपिंडीच्या लियाकत बागेला तिचे नाव एका हत्येने दिले आहे. १६ ऑक्टोबर १९५१ रोजी तेथील जाहीर सभेत पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान लियाकत अली खान यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मारेकरी जागीच ठार झाला आणि कटाचे रहस्य त्याच्याबरोबरच गेले.

२७ डिसेंबर २००७ रोजी त्याच बागेतून निवडणूक सभा आटोपून निघालेल्या बेनझीर भुट्टो यांचा बळी गेला. प्रथम गोळीबार, पाठोपाठ आत्मघातकी स्फोट! तोही लष्कराचे मुख्यालय असलेल्या शहरात. शवविच्छेदन झाले नाही. पुरावे गोळा होण्यापूर्वीच घटनास्थळ पाण्याने धुतले गेले. सिंधमध्ये आगी भडकल्या, ८ जानेवारीची निवडणूक १८ फेब्रुवारी २००८ वर गेली. ऑगस्टमध्ये मुशर्रफ पायउतार झाले, सप्टेंबरमध्ये झरदारी राष्ट्राध्यक्ष बनले. माणसे बदलली, सत्तेचे खरे केंद्र मात्र हलले नाही.

त्याची प्रचीती नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरील हल्ल्यानंतर आली. आयएसआयच्या प्रमुखाला भारतात पाठवू, असे तेथील नागरी सरकारने जाहीर केले आणि लगोलग शब्द फिरवला. ज्या सरकारचे स्वतःच्याच गुप्तचर यंत्रणेपुढे चालत नाही, त्याच्या आश्वासनाचे मोल ते काय?

२०१७ साली न्यायालयाने बेनझीर खटल्यातील पाच संशयितांना सोडले. शिक्षा झाली ती दोन पोलीस अधिकाऱ्यांना. हत्येचा कट रचल्याबद्दल मात्र कोणीही दोषी ठरले नाही.

याउलट भारताचे उदाहरण पाहावे. २१ मे १९९१ रोजी, ऐन निवडणुकीत, श्रीपेरुंबुदूर येथे विरोधी पक्षाचे नेते राजीव गांधी यांची हत्या झाली. देश हादरला, पण उरलेले मतदान जूनच्या मध्यापर्यंत पार पडले. नरसिंह रावांचे अल्पमतातील सरकार पाच वर्षे टिकले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे १९९९ साली २६ पैकी ७ जणांवरील हत्येचा दोष कायम झाला, इतरांना त्यातून मुक्त करण्यात आले. लष्कर बराकीतच राहिले.

दोन्ही देशांत शोक सारखाच होता. फरक होता तो संस्थांच्या बळाचा. मतपेटी, न्यायासन आणि बराकीची मर्यादा ही तिन्ही जपणे हे प्रत्येक पिढीचे कर्तव्य आहे. नेता पडल्यावर राष्ट्र उभे राहते ते याच आधारावर.