कापसाचा काटा तपासता, मग बातमीचा का नाही?

(लांजा येथील मेळाव्यात केलेले भाषण. कापूस-ज्वारी पट्ट्यातील जिल्हा बैठकांत वाचण्यासाठी.)



आम्ही घाट उतरून तुमच्या लांज्याला आलो. आमच्याकडे काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. तुमच्याकडे कातळाचा सडा, आंबा आणि काजू. पीक वेगळे, पाऊस वेगळा. मग तुमचे-आमचे सारखे काय? सारखे हे, की दोघांच्याही शेताचे निर्णय शेताबाहेर होतात. ते कोणी, कोणाच्या सांगण्यावरून केले, हे वर्तमानपत्राने सांगितले तरच आपल्याला कळते. ते कळू नये म्हणून काय काय होते, एवढेच आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट तुमच्या शेजारच्या राजापूर तालुक्याची. २०१७ साली नाणारला वर्षाला ६ कोटी टनांची रिफायनरी ठरली. लोक उठले, आणि २०१९ साली सरकारला भूसंपादनाची अधिसूचना मागे घ्यावी लागली. पुढे बारसू-सोलगावचे नाव निघाले. 'महानगरी टाइम्स'चे बातमीदार शशिकांत वारिशे या प्रश्नावर गावकऱ्यांची बाजू लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांची बातमी छापून आली. प्रकल्पाच्या बाजूच्या, जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एका माणसाचा फोटो फलकावर पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांच्या शेजारी कसा, त्याच्यावर तर गुन्हे दाखल आहेत, असा तिचा सवाल होता. त्याच दुपारी राजापुरात पेट्रोल पंपाजवळ वारिशे यांच्या दुचाकीला एका जीपगाडीची धडक बसली. दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमीत ज्याचे नाव होते त्यालाच पोलिसांनी अटक केली आणि खुनाचा गुन्हा लावला. गुन्हा शाबीत करणे न्यायालयाचे काम आहे, ते आम्ही करणार नाही. पण 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले गाव पलीकडच्या देवगड तालुक्यात आहे. त्या मुलखात सकाळी बातमी येते आणि दुपारी बातमीदार रस्त्यावर पडतो, याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे.

हा झाला बातमीदार गमावण्याचा प्रकार. दुसऱ्या प्रकारात रक्त सांडत नाही, म्हणून तो दिसत नाही. तो आमच्याकडचा.

यवतमाळ जिल्ह्यात भांबराजा आणि अंतरगाव ही दोन गावे. ३१ ऑक्टोबर २००८ ला 'टाइम्स ऑफ इंडिया'त पानभर मजकूर आला, की बीटी कापसाने या गावांत सोने पिकले आणि तिथे एकही आत्महत्या नाही. २८ ऑगस्ट २०११ ला तोच मजकूर पुन्हा आला, पण आता जाहिरात म्हणून. त्याच सुमारास जैवतंत्रज्ञान नियमनाचे विधेयक संसदेत यायचे होते. मार्च २०१२ मध्ये संसदेच्या कृषी स्थायी समितीचे सदस्य भांबराजात आले, तेव्हा गावकऱ्यांनी तोंडावर सांगितले, "आमच्या गावात १४ आत्महत्या झाल्या." हे सारे पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये 'द हिंदू'त मांडले. शिवारात नेण्या-आणण्याची सोय तेवढी आम्ही केली, मजकूर पत्रकारांचा, असे बियाणे कंपनीचे म्हणणे पडले.

बीटी चांगले की वाईट, हा वाद आज नको. आपल्यातही दोन मते आहेत. प्रश्न एवढाच, की दिल्लीतल्या खासदाराने ते पान वाचून मत बनवले, तर त्या मतात भांबराजाचा शेतकरी कुठे होता?

तिसरी गोष्ट निवडणुकीची. २००९ च्या विधानसभेला नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण उभे होते. त्यांचे कौतुक करणारा एकच मजकूर एकमेकांच्या स्पर्धेतल्या मराठी दैनिकांत शब्दाला शब्द छापून आला. वर जाहिरात असे लिहिलेले नाही. त्यांच्या खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींपुढे आकडा होता ५,३७९ रुपये. हेही साईनाथ यांनीच बाहेर काढले. चव्हाणांनी आरोप नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०१४ मध्ये न्यायालय म्हणाले, हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे. आयोगाने जुलैत चव्हाणांच्या विरोधात निर्णय दिला, सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे तोवर पाच वर्षे संपली आणि पुढची निवडणूक दारात आली.

मग आपण काय करायचे? पुढाऱ्यांना शिव्या देऊन घरी जायचे? बाजारात कापूस नेला की आपण काट्याकडे डोळे लावून उभे राहतो. बियाण्याची पावती जपून ठेवतो. तेवढीच नजर इथे लागते.

प्रचाराच्या दिवसांत गावात येणारी सगळी दैनिके जपून ठेवा आणि शेजारी शेजारी मांडा. दोन पेपरांत एकच मजकूर सापडला की तारखेसह कात्रण काढा आणि जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. सभेचे मांडव, गाड्या, जेवणावळी वहीत लिहा.

विधानसभा-लोकसभेचा निकाल लागला की ३० दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. एक रुपया भरून तो कोणीही पाहू शकतो. नक्कलही मिळते, तिचे शुल्क वेगळे. आणि उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायला निकालापासून ४५ दिवस असतात. ती मतदारालाही करता येते. दडवलेला खर्च धरून मर्यादा ओलांडली हे पुराव्याने दाखवता आले, तर कायद्यात ते भ्रष्ट आचरण आहे. हिशेब शेवटच्या दिवशी आला, तर आपल्या हातात पंधराच दिवस उरतात. निकालानंतर कात्रणे शोधत बसलात तर ते असेच निघून जातील.

आणखी एक. तुमच्या तालुक्यात खरे लिहिणारा एखादा बातमीदार असेलच. त्याच्या पाठीशी पगार नाही, वकील नाही. त्याला धमकी आली की त्याच दिवशी पन्नास शेतकरी पोलीस ठाण्याच्या दारात उभे राहिले पाहिजेत. वारिशे गेल्यावर मोर्चे निघाले. ते निघायलाच हवे होते. पण आपण आधी उभे राहायला शिकलो, तर पुढच्या वारिशेंसाठी मोर्चा काढायची वेळ येणार नाही.

इतके सांगून आम्ही थांबतो.