काडेपेटीतलं इंद्रधनुष्य

कवितेला कागद आणि पेन पुरतं. नाटकाला माणसं लागतात, सिनेमाला पैसा लागतो. पण सिनेमाचाही एक प्रकार कवितेसारखा एकट्यानं टेबलाशी बसून करता येतो. तो म्हणजे हातानं काढलेल्या चित्रांचा चित्रपट. आपण त्याला सरसकट ‘कार्टून’ म्हणतो आणि मुलांच्या स्वाधीन करून मोकळे होतो.

गीतांजली राव यांची ‘प्रिंटेड रेनबो’ ही २००६ सालची पंधरा मिनिटांची फिल्म. महानगरातल्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी म्हातारी आणि तिचं मांजर. भोवतालचं शहर करडं, रंग उडालेलं. म्हातारीला नाद एकच, काडेपेट्या जमवण्याचा. एकेक पेटी ती हातात घेते आणि वरच्या छापील चित्रात शिरते. तिथं मात्र रंगच रंग! म्हातारपणावर आपल्याकडे कविता उदंड झाल्या, माझ्याही त्यात आहेत. पण एकटेपणाला असा करडा रंग देण्याचं काही शब्दांना जमत नाही.

या बाईंनी फिल्मचं दिग्दर्शन केलं, चित्रंही काढली आणि निर्मितीही स्वतःच केली. शिक्षण मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेतलं. त्याच वर्षी कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात फिल्मला तीन पुरस्कार मिळाले.

आता थोडा हिशेब करू. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं, तरी सेकंदाला बारा चित्रं हवीत. पंधरा मिनिटांचे ९०० सेकंद, म्हणजे १०,८०० चित्रं. काही ठिकाणी चित्र स्थिर राहतं, काही ठिकाणी पार्श्वभूमी तीच चालते, म्हणून आकडा खाली येतो. तरी म्हातारीनं मान वळवायची, तर आधी सुरुवातीचं आणि शेवटचं चित्र काढायचं, मग खाली दिवा असलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवून मधली चित्रं भरायची. कागद केसभर सरकला की पडद्यावर मान थरथरते. मी एक ओळ खोडली तर माझं काहीच जात नाही. इथं दोन सेकंद खोडले की दोन दिवस गेले म्हणून समजा.

काडेपेटीचा आणि आपल्या सिनेमाचा संबंध तसा जुना आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई होती. काडी किंचित हलवायची, चौकट घ्यायची, पुन्हा हलवायची. त्याआधी, ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्यापूर्वी, कुंडीतल्या वाटाण्याची वाढ त्यांनी रोज थोडी थोडी टिपून ठेवली होती. ती चित्रफीत दाखवून त्यांनी सावकाराचा विश्वास मिळवला. धंद्याची अक्कल होती म्हणायची!

आणि आपलं नगर, आताचं अहिल्यानगर? इथल्या निजामशाहीत सोळाव्या शतकात आफताबी नावाच्या कवीनं ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे फारसी काव्य लिहिलं. त्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. चित्रांमध्ये सुलतानाशेजारी बेगम खुंजा हुमायून होती. पुढं काही चित्रांतली तिची आकृती कुणीतरी पुसून टाकली. ही पोथी मला नेहमी थांबलेल्या सिनेमासारखी वाटते. एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत काय घडलं, ते डोळ्यांनीच भरायचं. त्या पुसलेल्या बेगमेला कुणी पुन्हा चालतं-बोलतं करावं, अशी फिल्म मला पाहायची आहे.

अडचण आहे ती ही फिल्म दाखवायची कुठं याची. पंधरा मिनिटांना कुणी तिकीट काढत नाही. १९९० पासून मुंबईत माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, तो या मंडळींचा मोठा आधार. गीतांजली राव यांनी पुढं ‘बॉम्बे रोझ’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला, २०१९ साली व्हेनिसला दाखवला. त्याला मात्र एकटीचे हात पुरले नाहीत. चित्रकारांचा मोठा ताफा लागला.

आपल्याकडे पाथर्डी, अकोल्यापर्यंतच्या शाळांत चांगली चित्रं काढणारी मुलं आहेत, मोबाइलचा कॅमेरा घरोघरी पोचला आहे. चित्रकलेच्या शिक्षकांनी एकदा मुलांना पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा द्यावा. दहा सेकंदांच्या गोष्टीला १२० कागद पुरतात.