वैश्विक किरणांच्या उगमाचा शोध



प्रवरेचा उगम कोठे, असे अकोले तालुक्यात कोणालाही विचारले तर तो रतनगडाकडे बोट दाखवील. प्रवरासंगमापासून काठाकाठाने चालत गेले की तेथे पोहोचता येते. विश्वातून अहोरात्र पृथ्वीवर येणाऱ्या वैश्विक किरणांचे तसे नाही. १९१२ साली व्हिक्टर हेस याने बलूनमधून पाच हजार मीटरांहून अधिक उंची गाठून ते शोधले. परंतु त्यांच्या उगमाचे कोडे अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही.

हे किरण म्हणजे मुख्यतः प्रोटॉनसारखे विद्युतभारित कण. आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रे त्यांना वाटेत वळवतात. त्यामुळे येण्याच्या दिशेवरून उगम सांगता येत नाही. मात्र हेच कण उगमाजवळील वायूवर आदळले की गॅमा किरण निर्माण होतात. त्यांवर विद्युतभार नसल्याने ते सरळ येतात. म्हणून साक्ष काढावयाची ती त्यांची.

ही साक्षही सहज मिळत नाही. गॅमा किरण वातावरणात शिरताच कणांची सर उसळते. या प्रक्रियेचे गणित १९३७ साली डॉ. होमी भाभा आणि हाइट्लर यांनी मांडले. त्या सरीतून निघणारा निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश सेकंदाचे काही अब्जांश भाग टिकतो. तो टिपण्यासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातील उद्योगांच्या साहाय्याने लडाखमधील हानले येथे 'मेस' दुर्बीण उभारली. तिचा व्यास २१ मीटर, स्थानाची उंची सुमारे ४२७० मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटरांचे! ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे उद्घाटन झाले.

येथे एक सावधगिरी हवी. वेगवान इलेक्ट्रॉनही गॅमा किरण उत्पन्न करतात. म्हणून गॅमा किरण दिसले की प्रोटॉनांचा उगम सापडला, असे म्हणता येत नाही. २०१३ साली फर्मी उपग्रहाच्या निरीक्षणांतून दोन अतिनवताऱ्यांच्या अवशेषांत प्रोटॉनांची निःसंदिग्ध खूण मिळाली. सर्वाधिक ऊर्जेच्या कणांचा उगम मात्र अजून अज्ञात आहे.

सारे ज्ञान आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते, असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे आहे. पण त्याने ना पूर्वजांचा गौरव होतो, ना राष्ट्राचा. हाडे गोठवणाऱ्या थंडीत रात्रभर जागून एकेक प्रकाशकण मोजणे आणि पुरावा पुरेसा नसेल तर तसे निर्भयपणे सांगणे, हीच खरी ज्ञानसाधना. या साधनेला अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून विद्यार्थी मिळोत.