ताम्रपत्रावरील तत्त्ववेत्ता

(मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



बी.ए.च्या वर्गात असताना रने देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचे चित्र आम्ही प्रथम पुस्तकात पाहिले. खांद्यावर रुळणारे केस, रुंद पांढरी गळपट्टी, जड पापण्यांखालची रोखलेली दृष्टी! सर्व ज्ञान एकदा संशयाच्या कसोटीस लावणारा पुरुष असाच दिसावयाचा, असे तेव्हा वाटले.

हार्लेमचा चित्रकार फ्रान्स हाल्स याने १६४९ च्या सुमारास देकार्तचे वीतभर उंचीचे तैलचित्र रंगविले. फेब्रुवारी १६५० मध्ये देकार्त स्टॉकहोम येथे निवर्तला. मूळ चित्र एकच. परंतु त्याच गावच्या योनास सायडरहूफने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरले. तेथे रंग नाहीत. रेघा दाट केल्या की छाया, विरळ केल्या की प्रकाश. बरोक कलेचा सारा छायाप्रकाश एवढ्यावर उभा. रेघांत शाई भरून पृष्ठभाग पुसावयाचा आणि ओलसर कागद त्यावर दाबावयाचा. अशा प्रतींतून तो चेहरा देशोदेशी गेला.

ही विद्या आपणांस अगदीच परकी नव्हे. दानपत्रे आपण तांब्यावर कोरीतच होतो. मात्र त्यांवरून छाप घेतला जात नसे. पेशवाईत एका तांबटाने तीही कला साध्य केली आणि १८०५ साली मिरजेस, पटवर्धनांच्या आश्रयाने, तांब्यावर उलटी अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली.

आता आपल्या झाशीकडे वळू. १८५८ च्या एप्रिलमध्ये येथील राजग्रंथालयाचा विध्वंस झाला. हस्तलिखित पोथ्या गेल्या त्या गेल्याच. तो प्रसंग आपणांस कळतो तो वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे. तेही वर्षानुवर्षे हस्तलिखितच होते; १९०७ साली छापले गेले, म्हणून घरोघरी पोहोचले.

आमच्या आजोबांची मोडीतील एक वही होती. बदलीच्या धांदलीत ती आमच्याच हातून गहाळ झाली. नक्कल करून ठेवण्याचे आम्ही वर्षानुवर्षे लांबणीवर टाकले होते. म्हणून विनंती एवढीच, की आपल्या घरची जुनी पत्रे, वह्या, छायाचित्रे मंडळाकडे आणावीत. त्यांच्या प्रती काढून घ्याव्यात व मूळ वस्तू घरी न्याव्यात. देकार्तला सायडरहूफ लाभला. आपल्या वाडवडिलांसाठी ते काम आपणच करावयाचे आहे.